पहिल्या लिपीतले हातमोजे

"घरत, तुमचं अक्षर चांगलं आहे," असं कर्णिकसाहेब म्हणाले, तेव्हाच पुंडलिकरावांनी रजेचा अर्ज टाकायला हवा होता. साहेब अक्षराची स्तुती करतात ती अक्षरासाठी नसते, एवढं अठरा वर्षं एकाच कंपनीत काढलेल्या माणसाला कळायला हवं. पण स्तुती ऐकायची सवय नसली की माणूस बावचळतो. पुंडलिकराव बावचळले आणि "हो साहेब" म्हणून मोकळे झाले. काम काय ते नंतर विचारलं.

काम असं होतं. रोह्याच्या एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कंपनीत स्टोअर्सच्या जाडजूड वह्या जाऊन कॉम्प्युटर आला होता. सत्त्याण्णव साल चाललं होतं आणि ज्याला त्याला आयएसओचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यासाठी परीक्षक येणार होते. या परीक्षक लोकांचा म्हणे एकच आग्रह असतो: जे करता ते लिहून ठेवा, आणि जे लिहिलंय तेच करा. स्टोअर्समध्ये कुठला माल किती शिल्लक आहे हे कॉम्प्युटरला कसं विचारायचं, ते कंपनीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते पुंडलिकरावांनी लिहायचं होतं. पुस्तकरूपाने, इंग्रजीत, सव्वा महिन्यात.

"आणि हो," कर्णिकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "कॉम्प्युटर आल्यावर स्टोअर्सला चार क्लार्क जास्तच होतात. दोघं गुजरातेतल्या नव्या कारखान्यात जातील. कोण ते अजून ठरलेलं नाही."

ही धमकी नव्हती. कर्णिकसाहेब धमकी कधी देत नसत, ते फक्त माहिती देत. ती माहिती घेऊन पुंडलिकराव एसटीने पेणला घरी आले आणि त्यांनी ती वैशालीताईंना दिली. वैशालीताई डोलवीच्या बाजूच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. त्यांची बदली गुजरातेत होणं शक्य नव्हतं, कारण गुजरातेत रायगड जिल्हा परिषद नाही. त्या थोडा वेळ भाजी निवडत राहिल्या, मग म्हणाल्या, "मग लिहा की पुस्तक. पत्रं लिहिता ना एवढी वर्तमानपत्रांना."

पत्रं लिहिणं वेगळं. पत्रं छापून येत नसत, त्यामुळे त्यांत चुका निघत नसत.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर खात्यातल्या हरेशने त्यांना चाळीस प्रश्नांचे कागद आणून दिले. हरेश अठ्ठावीस वर्षांचा, हुशार आणि कायम घाईत. कॉम्प्युटरला प्रश्न विचारायची एक ठराविक इंग्रजी असते, ती त्याने उभ्या उभ्या समजावली. SELECT म्हणजे काढून दाखव. FROM म्हणजे अमक्या यादीतून. WHERE म्हणजे जिथे नाव तमकं असेल तिथे. शिवाय sum, count, max अशी तयार सूत्रं: बेरीज कर, मोज, सगळ्यात मोठा आकडा दाखव. पुंडलिकरावांना ते समजलं. समजलं नाही ते वेगळंच. हरेशच्या कागदांवर तोच एक शब्द कुठे सगळा मोठ्या अक्षरांत होता, कुठे सगळा लहान अक्षरांत, आणि कुठे पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान.

"यातलं बरोबर कुठलं?" त्यांनी विचारलं.

"सगळंच बरोबर, घरतकाका. या शब्दांच्या बाबतीत मशीनला फरक पडत नाही. फक्त वस्तूंची नावं मात्र जशीच्या तशी पाहिजेत हां, अवतरणचिन्हांतली. तिथे मशीन अक्षर न् अक्षर बघतं."

"ते ठीक. पण हे बाकीचे शब्द, ते पुस्तकात कसे लिहू?"

"कसेही लिहा."

अठरा वर्षांत पुंडलिकरावांना 'कसेही लिहा' असं कोणी म्हणालं नव्हतं. लाल शाई कुठे, निळी कुठे, समास किती बोटं सोडायचा, खाडाखोडीवर सही कोणाची, हे सगळं त्यांना पाठ होतं. 'कसेही' ही सूचना कुठल्या फायलीत लावायची तेच त्यांना समजेना. ते तसेच कागद घेऊन पेणला आले आणि, इथेच चुकलं, ते कागद त्यांनी इमारतीच्या ओट्यावर उघडले.

ओट्यावर काळुराम मास्तर बसलेले असत. तीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते, पण इंग्रजीच्या चुका काही निवृत्त झाल्या नव्हत्या. औषधाच्या बाटलीवरची सूचनाही ते लाल पेनाने सुधारून मग औषध घेत. इंग्रजीची मोठी अक्षरं म्हणजे पहिली लिपी आणि लहान म्हणजे दुसरी, हे पेणच्या दोन पिढ्यांना त्यांनीच शिकवलं होतं.

"सिलेक्ट हे क्रियापद. आज्ञार्थी," मास्तर म्हणाले. "वाक्याच्या सुरुवातीला आलंय म्हणून त्याचं पहिलं अक्षर पहिल्या लिपीत. बास. फ्रॉम हे बापडं शब्दयोगी, त्याला पहिली लिपी कशाला? त्यानं काय केलंय असं?"

तळमजल्यावर गणपतीचा कारखाना असलेले पोपटशेठही हात पुसत आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मत होतं. "हे बघा घरत, आमच्यात गणपती मोठा न् उंदीर बारका. तुमच्या वाक्यात गणपती कोण हाय ते आधी ठरवा. बाकीचं सगळं उंदीर."

"सूत्रं मग कोण?" पुंडलिकरावांनी विचारलं. हा प्रश्न आपण खरोखर विचारतो आहोत, याचं त्यांना तेव्हा काहीच वाटलं नाही.

"ते मोदक धरा," पोपटशेठ म्हणाले. "मध्यम."

अशा रीतीने पहिला मसुदा मास्तरांच्या व्याकरणाने तयार झाला. बाजारपेठेतल्या एका माडीवर दिपिका नावाच्या मुलीचं डीटीपी सेंटर होतं. तिथे तिच्याकडून तो टाईप करून घेऊन पुंडलिकरावांनी तो कर्णिकसाहेबांपुढे ठेवला. साहेबांनी दोन पानं उलटली. "फ्रॉम लहान का?" पुंडलिकराव म्हणाले, ते शब्दयोगी आहे. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू शब्दयोगी हा कुठला तरी त्वचारोग असावा. मग त्यांनी समिती नेमली.

समितीत पाच जण होते. क्वालिटीच्या प्रतिक्षा मॅडम मुंबईला तीन दिवसांचं शिबिर करून आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांच्या मते आज्ञेचे सगळे शब्द पूर्णपणे मोठ्या अक्षरांत हवेत. यावर एकमत झालं. मग सूत्रांचा विषय निघाला आणि दोन तास संपला नाही. हरेश म्हणाला, सूत्रं लहान ठेवा म्हणजे वेगळी कळतील. उत्पादन खात्याचे साहेब म्हणाले की मॅक्स म्हणजे सगळ्यात मोठा, आणि तोच लहान अक्षरांत लिहायचा, हे त्यांच्या बुद्धीला पटत नाही. शेवटी भजी आली आणि ठराव झाला: आज्ञा मोठ्या, सूत्रं लहान. ठरावाच्या तीन प्रती पुंडलिकरावांनीच काढल्या.

त्यांनी पुस्तक पुन्हा करून आणलं. मग प्रतिक्षा मॅडमना शिबिरातली जुनी टिपणं सापडली आणि त्यांत सूत्रांचं पहिलं अक्षर मोठं निघालं. तिसरी आवृत्ती झाली. मग मुंबईच्या ऑफिसातून कोणाचा तरी फोन आला की असलं अर्धवट काही नको, आज्ञा आणि सूत्रं दोन्ही सगळीच्या सगळी मोठ्या अक्षरांत करा. ठराव बदलला. पाचही जणांनी शेवटच्या पानावर आगाऊ सह्या करून ठेवल्या, कारण परीक्षक परवावर आले होते आणि उद्या साहेब मंडळी कोलाडला जेवायला जाणार होती.

पेणात ते दिवस गणपतीच्या हंगामाचे. दिपिकाकडे मूर्तींच्या जाहिराती, मंडळांच्या पावत्या, आरत्यांची पुस्तकं यांची रांग लागलेली. पुंडलिकराव चौथ्यांदा तीच बासष्ट पानं घेऊन जिना चढले तेव्हा त्यांची मान आपोआप खाली गेली होती.

"काका, एवढं काय तोंड पाडताय," दिपिका म्हणाली. "एकेक शब्द कशाला शोधायचा? हा शब्द दिसेल तिथे मोठा कर, असं सांगितलं की कॉम्प्युटर एका फटक्यात सगळीकडे करतो. शब्द सांगा."

पुंडलिकरावांनी यादी वाचली. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ऑर्डर, बाय, अँड, ऑर, इन, नॉट, सम, काउंट, मॅक्स. दिपिका एकेक बटण दाबत गेली आणि पडद्यावर आकडे येत गेले. एकूण अडीच हजारांवर बदल झाले. साडेतीन आठवडे जे काम त्यांच्या जिवाला खात होतं, ते चहा निवेपर्यंत संपलं. त्यांनी पहिले तीन प्रश्न डोळे ताणून तपासले. एकेक आज्ञा आणि एकेक सूत्र मोठ्या अक्षरांत, पलटणीसारखं ताठ उभं. चौथ्या प्रश्नाला वीज गेली. ती आल्यावर दिपिकाने भराभर छापून दिलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने वीस प्रती काढल्या, सह्यांचं पान शेवटी लावून स्पायरल बायंडिंग केलं. प्रतिक्षा मॅडमनी 'नियंत्रित प्रत' असा लाल शिक्का आधीच देऊन ठेवला होता. तो पुंडलिकरावांनी घरी स्वतःच्या हाताने वीस वेळा मारला. एकही तिरका पडला नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या एसटीत तो गठ्ठा मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले. वडखळ नाक्यावर गाडी अडकली, म्हणून केवळ कौतुकाने त्यांनी वरची प्रत उघडली. आतल्या पहिल्याच पानावर कंपनीच्या सर्वांत वरिष्ठ साहेबांचा हुद्दा होता. तो असा छापला होता: ManagINg DirectOR.

पुंडलिकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मॅनेजिंगच्या पोटातला 'इन' मोठ्या अक्षरांत उभा होता. डायरेक्टरच्या शेपटीला 'ऑर' उभा होता. कॉम्प्युटरने शब्द पाहिला नव्हता, अक्षरं पाहिली होती, आणि जिथे जिथे ती अक्षरं सापडली तिथे तिथे त्याने हुकूम पाळला होता. त्यांनी पान उलटलं. पेंटचा paINt झाला होता. मोटरची motOR झाली होती. हँड ग्लोव्हज म्हणजे साधे रबरी हातमोजे, त्यांच्या हँडमध्ये 'अँड' निघाला होता आणि ते hAND gloves झाले होते. नागोठणं येईपर्यंत त्यांनी बासष्ट पानं पाहिली. एकही पान सुटलं नव्हतं. सबंध पुस्तकात एकच नाव जसंच्या तसं धडधाकट राहिलं होतं, कारण त्यात कॉम्प्युटरला काहीही सापडलं नव्हतं. ते मुखपृष्ठावर होतं: संकलक, पुंडलिक घरत.

रोह्याला उतरल्या उतरल्या त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून पांढऱ्या शाईच्या, व्हाइटनरच्या, सहा बाटल्या घेतल्या. स्टोअर्सच्या मागच्या खोलीत बसून ते तिसऱ्या पानापर्यंत पोचले होते, तेवढ्यात प्रतिक्षा मॅडम आल्या आणि किंचाळल्याच. नियंत्रित प्रतीवर व्हाइटनर म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा, चूक राहिली तर चालते पण व्हाइटनर चालत नाही, असं शिबिरात दोनदा सांगितलं होतं. त्यांनी ती प्रत जप्त केली आणि बाटल्याही नेल्या.

पुंडलिकराव कर्णिकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"परीक्षक पुस्तक वाचत नाहीत, घरत. पुस्तक आहे का, एवढंच बघतात. गप्प बसा."

"साहेब, पण नावं..."

"गुजरातची यादी उद्या जाईल," साहेबांनी माहिती दिली.

अकरा वाजता परीक्षक आले. पांढरा शर्ट, पांढरे केस, मृदू आवाज. अशा माणसांची पुंडलिकरावांना जास्त भीती वाटे. ते स्टोअर्समध्ये आले, पुस्तकाची एक प्रत उचलली, आणि समोर उभ्या असलेल्या केरूकडे वळले. केरू स्टोअर्समधला जुना कामगार, खाडीकाठच्या गावचा, जेमतेम सातवी. पुंडलिकरावांनी गेले पंधरा दिवस त्याला शिकवून ठेवलं होतं: डोकं चालवायचं नाही, पुस्तकात जसं असेल तसं टाईप करायचं.

"हातमोजे किती आहेत, मशीनला विचारून सांगा," परीक्षक म्हणाले.

केरूने पुस्तकातलं पान काढलं. चष्मा लावला. एका बोटाने, एकेक अक्षर पुस्तकात बघून, मग कीबोर्डवर बघून, मग पडद्यावर बघून तो टाईप करत गेला. पुंडलिकराव मागे उभे होते. केरू त्या शब्दापर्यंत आला. बारका एच मारला. मग थांबला, शिफ्टचं बटण शोधलं, ते डाव्या हाताने दाबून धरलं आणि मोठा ए, मोठा एन, मोठा डी. आता तरी चुकेल, आता तरी आळस करेल, असं पुंडलिकरावांना वाटत राहिलं. केरू चुकला नाही.

पडद्यावर उत्तर आलं: एकही नोंद नाही.

केरूच्या मागे जमिनीपासून छपरापर्यंत तीन रॅक हातमोज्यांनी भरलेले होते. एक जोडी त्याच्या खिशातून लोंबत होती.

"पुन्हा करा," परीक्षक म्हणाले. केरूने पुन्हा केलं, तितक्याच सावकाश. हातमोजे पुन्हा नव्हते.

"तुम्ही हा शब्द असा का टाईप केलात?"

"पुस्तकान हाय तसाच मारलाय साहेब," केरू म्हणाला. "पयला बारका, मंग तीन मोठं, मंग परत बारकं. घरतसाहेबांनी सांगलाय, डोका लावाचा नाय. माझ्या मनचा त्यात काय नाय."

परीक्षक वहीत लिहू लागले. ते बराच वेळ लिहीत होते. त्या वेळात पुंडलिकरावांनी गुजरातेतली खोली, तिथला स्टोव्ह, दर पंधरा दिवसांनी पेणला येणं, हे सगळं मनातल्या मनात मांडून घेतलं. वैशालीताईंना कुठल्या शब्दांत सांगायचं तेही ठरवलं.

संध्याकाळी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. परीक्षक म्हणाले, "मी अठ्ठावीस कारखाने पाहिले. कामगार लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळतो, असं या एकाच ठिकाणी पाहिलं." प्रतिक्षा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक किरकोळ शेरा आहे. पुस्तकातली वस्तूंची नावं आणि कॉम्प्युटरमधली नावं जुळत नाहीत. ती जुळवून घ्या आणि मला कळवा."

पुंडलिकरावांचा जीव भांड्यात पडला. ते कधी नव्हे ते मोठ्याने बोलले. "साहेब, मी आठ दिवसांत पुस्तक दुरुस्त करून आणतो."

"पुस्तक कसं दुरुस्त करणार?" प्रतिक्षा मॅडम म्हणाल्या. "ते मंजूर झालंय. पाच सह्या आहेत. बदल करायचा तर बदलाचा अर्ज, समिती, नवी आवृत्ती, वीस प्रती परत मागवून नष्ट केल्याचं पत्र, आणि परत परीक्षा."

"कॉम्प्युटर मंजूर झालाय का?" कर्णिकसाहेबांनी विचारलं.

कॉम्प्युटरवर कोणाचीच सही नव्हती.

"मग कॉम्प्युटर बदला."

हरेश उभा राहिला. हा शुद्ध वेडेपणा आहे, असं त्याने चांगल्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. साहेबांनी त्यालाही थोडी माहिती दिली आणि तो बसला.

गुजरातला दुसरे दोघे गेले. "तुम्हाला कसं पाठवणार, घरत," साहेब म्हणाले. "हे पुस्तक तुमच्याशिवाय कळतंय कोणाला?" वैशालीताईंनी त्या दिवशी श्रीखंड आणलं. पुंडलिकरावांनी दोन वाट्या खाल्ल्या, पण ते कसं होतं ते त्यांना सांगता आलं नाही.

पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसून अकराशे चाळीस चांगली नावं एकेक करून बिघडवत राहिले. जी नावं पुस्तकात नव्हती तीही, कारण एकसूत्रीपणा हवा. मग रॅकवरच्या पाट्या बदलल्या. पाट्या रंगवणारा माणूस जवळच्या अष्टमी गावाहून आला होता. त्याने पहिल्या दिवशी दोनदा खाली उतरून विचारलं, साहेब, ह्यात काय गफलत तर नाय ना? पुंडलिकराव म्हणाले, नाही, तसंच काढ. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. फक्त पाहिलं. ते पाहणं पुंडलिकरावांना रात्रीच्या जेवणात पुष्कळ दिवस आठवत असे.

दिवाळीनंतर मुंबईच्या ऑफिसातून पत्र आलं. रोह्याच्या स्टोअर्समधली नावं एका विशिष्ट पद्धतीने लिहिलेली दिसतात, परीक्षकांनीही त्यांचा उल्लेख केला आहे. तरी मोठी अक्षरं कुठे व लहान कुठे, यामागचा नियम संकलकांनी लेखी कळवावा.

पुंडलिकराव दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. खरं लिहावं तर दिपिका आणि तिचं ते एका फटक्याचं बटण लिहावं लागलं असतं. खोटं लिहायचं त्यांना सुचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की नियम आहे. खराच आहे. त्यांनी तो लिहिला: वस्तूच्या नावाच्या पोटात जिथे जिथे आज्ञेचा अथवा सूत्राचा शब्द आढळेल, तिथे तेवढीच अक्षरं मोठी लिहावीत, बाकी लहान. खाली नऊ उदाहरणं दिली. एकाही उदाहरणाला अपवाद नव्हता.

पाठवण्याआधी त्यांनी ते इंग्रजी काळुराम मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी सवयीने लाल पेन उघडलं, कागद एकदा वाचला, उजेडात धरून दुसऱ्यांदा वाचला, नऊच्या नऊ उदाहरणं बोट ठेवून ताडून पाहिली. मग पेनाला टोपण लावलं.

"चूक नाही रे यात," ते म्हणाले, आणि कागद परत दिला.

पत्राचं उत्तर महिन्याभरात आलं. नियम अत्यंत सुस्पष्ट असून कंपनीच्या चारही कारखान्यांत एक जानेवारीपासून लागू करण्यात येत आहे. पुंडलिकरावांनी ते पत्र फाईलला लावलं, आवक क्रमांक टाकला, आणि पत्रातला स्वतःचा हुद्दा एकदा वाचून पाहिला. त्यांना आता स्टोअर्स क्लार्क म्हटलेलं नव्हतं. नवा हुद्दा इंग्रजीत होता, दोन शब्दांचा, आणि मुंबईवाल्यांनी तो नियमाप्रमाणेच टाईप केला होता: CoORdINatOR, StORes.